दोन कठड्यांचा जिना

मी एक जिना बोलतोय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी कुठेच जात नाही. एका बाजूने चार पायऱ्या वर, मग दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढा चौथरा, आणि दुसऱ्या बाजूने सहा पायऱ्या खाली. अलीकडच्या चार पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, पलीकडच्या सहा चार-चार इंचांच्या. जेवढं चढाल तेवढंच उतराल आणि जिथून निघालात त्याच खोलीत परत याल.

ही खोली एका दवाखान्याच्या तळमजल्यावर आहे. दारावर पाटी आहे, 'फिजिओथेरपी विभाग'. ज्यांचं अंग त्यांचंच ऐकेनासं झालंय अशी माणसं इथे येतात. कुणाची पाठ धरलेली, कुणाचा खांदा जाम झालेला, कुणाचं हाड जुळलंय पण गुडघा वाकत नाही, कुणाच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकून अर्धं अंगच गेलेलं. खोलीत पलंग आहेत, भिंतभर आरसा आहे, खांद्याचं चाक आहे, वाळूच्या पिशव्या आहेत, आणि मधोमध मी.

मला एका सुताराने घडवलं. दवाखान्याचे जुने दरवाजे निघाले होते, त्यांच्या लाकडातून. कागदावरचं चित्र बघून तो म्हणाला, "बाकी सगळं कळलं. पण वर काय आहे?"

"वर काही नाही," त्याला सांगितलं.

"काही नाही तर लोक चढणार कशाला?"

"उतरायला."

सुताराने कपाळावर हात मारला. पण काम चोख केलं. पायऱ्यांवर काळं रबर बसवलं, कडा पिवळ्या रंगवल्या. चित्रात कठडा एकाच बाजूला दाखवला होता. ते मात्र त्याला पटेना. "आजारी माणूस आणि आधार एकाच हाताला? मला काय आईबाप नाहीत?" असं म्हणून त्याने स्वतःच्या मनाने दुसऱ्या बाजूलाही कठडा ठोकला. हात फिरवला तर लोणी वाटावं इतका गुळगुळीत केला. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मीही फुशारलो. त्या दुसऱ्या कठड्याने पुढे काय केलं ते सांगायलाच आज उभा राहिलोय. बसता मला येत नाही.

धडधाकट माणसाला जिना म्हणजे काहीच वाटत नाही. सफाईवाल्या मावशी बादली घेऊन माझ्यावरून टणाटण जातात. पण ज्याचं बिघडलंय तो माझ्यावर पाय ठेवतो ना, तेव्हा मला कळतं एका पावलात काय काय असतं. एक पाय उचलायचा तर तेवढा वेळ अख्खं माणूस दुसऱ्या पायाला पेलावं लागतं. कमरेने तोल धरायचा, गुडघ्याने वाकायचं पण कोलमडायचं नाही, आणि पायाचा अंगठा वर बघत राहिला पाहिजे, नाहीतर कडेला अडकलाच म्हणून समजा. हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं आणि ज्याचं होतं त्याला खबरही नसते. चढता चढता तो फोनवर भांडत असतो! मला विचाराल तर पक्षी उडतात त्याहून हे नवल मोठं आहे.

एक शाळामास्तर यायचे. कंपवात. हात थरथरायचे, आणि चालता चालता मधेच पाय जमिनीला खिळायचे. दारातून आत आले की उंबऱ्यापाशी असे थांबायचे जसं कुणी फळ्यावर चिकटवलंय. बायको म्हणायची, "चला ना हो." मास्तर म्हणायचे, "मी चालतोय." आणि जागचे हलायचे नाहीत. पण त्याच माणसाला माझ्यासमोर आणून उभं केलं आणि पहिली पिवळी कड दिसली, की एक, दोन, तीन, चार! पोरासारखे वर. सपाट जमिनीवर जमत नाही आणि जिन्यावर जमतं. बायको तोंडावर हात ठेवून बघत राहिली. फिजिओबाईंनी मग जमिनीवर तशाच पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या, दारापासून खिडकीपर्यंत. आडवा जिनाच म्हणा. मास्तर त्या पट्ट्या ओलांडत चालत गेले आणि खिडकीशी जाऊन म्हणाले, "सुटली शाळा."

फिजिओबाई म्हणजे इथल्या मालकीण. पस्तिशीच्या, अंगाने बारीक, पण त्यांच्या दुप्पट वजनाचं माणूस कमरेच्या पट्ट्याला धरून सावरतात. माणसं त्यांच्याशी खोटं फार बोलतात. "घरी व्यायाम केला?" "हो हो, दोन्ही वेळा." आणि सांध्यावर हात ठेवला की त्यांना कळतं काय ते. मलाही कळतं. पण त्या ओरडत नाहीत. म्हणतात, "बरं, मग आता माझ्यासमोर तिसऱ्यांदा करा."

आता टेलरबाईंची गोष्ट.

त्या पहिल्यांदा आल्या त्या चाकांच्या खुर्चीतून. वय बासष्ट. उभा जन्म शिवणकामात गेलेला, डोळे अजून सुईत दोरा ओवणारे. डावी बाजू पूर्ण गेली होती. डावा हात मांडीवर असा पडलेला, जणू शेजारच्या बाईने विसरून ठेवलाय. खुर्ची ढकलत होती त्यांची नणंद. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, पण नणंद-भावजयीचं नातं काही नवऱ्याबरोबर गेलं नव्हतं.

"वन्सं, हळू ढकला. मी माणूस आहे, भाजीची गाडी नव्हे."

"भाजी बरी वहिनी, ती बोलत तरी नाही."

जीभ शाबूत होती, एवढं पहिल्याच दिवशी सगळ्या खोलीला कळलं.

त्यांच्याबरोबर मुलगाही आला होता. सरळ माणूस, पण घाबरलेला. झटका आला तेव्हा टेलरबाई त्यांच्या घरी एकट्याच होत्या. पहिल्या मजल्यावरची एक मोठी खोली, खिडकीशी मशीन. त्या मशीनशेजारी सहा तास पडून होत्या. ते सहा तास मुलाच्या डोळ्यांसमोरून जात नव्हते. तो फिजिओबाईंना म्हणाला, "ती आता माझ्याकडेच राहील. तळमजला आहे. तेवढं चालवा तिला, की झालं."

"मला विचारलंस?" टेलरबाई म्हणाल्या.

"आई, त्या घराला सतरा पायऱ्या आहेत."

"मला ठाऊक आहेत. चाळीस वर्षं मीच झाडल्यात."

बरीच बोलाचाली झाली. शेवटी मुलगा म्हणाला, "ठीक आहे. पाच महिने घर ठेवतो. त्याच्या आत माझ्या डोळ्यांसमोर तू एकटी तो जिना चढलीस आणि एकटी उतरलीस, तर राहा तिथे. मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाहीतर किल्ली घरमालकाला आणि तू माझ्याकडे. कायमची."

"लिहून देऊ?" टेलरबाईंनी विचारलं.

"नको. तुझा शब्द बस."

किल्ली त्याने खिशात टाकली. टेलरबाईंची नजर त्या खिशावर होती, मी पाहिलं.

आठवड्यातून तीन दिवस त्या येऊ लागल्या. फिजिओबाई त्यांच्या डाव्या तळव्यावर ब्रश फिरवायच्या, बर्फ लावायच्या, पाय हातात घेऊन वाकवायच्या, सरळ करायच्या, आणि सारखं म्हणायच्या, "मनात उचला. मी उचलतेय, पण तुम्ही मनात उचला." टेलरबाई डोळे मिटून मनात उचलायच्या. पाय ढिम्म. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी त्याचं नाव ठेवलं.

"हे आमचे जावईबापू. नुसते यायचे, बसायचे, मान घ्यायचा. काम सांगू नका."

"आणि उजवा पाय?" फिजिओबाईंनी विचारलं.

"ती सून. राबतेय बिचारी दोघांचं."

खोलीत हशा पिकला. खांद्याच्या चाकावरचा ट्रकवाला तर हसता हसता हात वर नेऊन बसला, महिनाभर जो खांद्याच्या वर जात नव्हता.

सहा आठवड्यांनी, एका दुपारी, नणंद त्यांच्या पायाशी बसून चप्पल चढवत होती. एकदम ओरडली, "वहिनी! अंगठा!"

"काय झालं अंगठ्याला? चिमटा काढलात?"

"हलला!"

"वन्सं, तुमचे डोळे तपासून घ्या."

"तुमची शप्पथ हलला. हलवा पुन्हा."

फिजिओबाई हातातलं काम टाकून धावत आल्या. तिघीजणी त्या एका अंगठ्याकडे बघत बसल्या. टेलरबाईंच्या कपाळावर घाम आला, मानेची शीर फुगली, ओठ आत गेले. आणि अंगठा हलला. केवढा? तांदळाच्या दाण्याएवढा. इतकी वर्षं या खोलीत उभा आहे, पण त्या दुपारी जे झालं ते मला अजून उमगत नाही. मेंदूतला एक रस्ता बुजला होता. कुठल्या आडवाटेने, कुणाला विचारत विचारत, तो निरोप डोक्यापासून अंगठ्यापर्यंत पोचला असेल?

नणंदेने पदर नाही की रुमाल नाही, सरळ बाहीने डोळे पुसले. "आले हो जावईबापू," ती म्हणाली.

मग उभं राहणं झालं, दोन दांड्यांच्या मधून चालणं झालं, काठी झाली. आणि साडेतीन महिन्यांनी टेलरबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कापडाचं माप घ्यावं तसं.

"वर काय आहे ग पोरी?"

"काही नाही."

"बरंय. काही विसरले म्हणून परत यायला नको."

फिजिओबाईंनी नियम सांगितला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. चढताना अंग वर ओढायचं असतं, ते चांगल्याने ओढायचं. उतरताना वरच्या पायाला सगळं वजन धरून हळूहळू सोडायचं असतं, तेही चांगल्यानेच.

"म्हणजे चढताना सून पुढे, उतरताना जावई पुढे," टेलरबाई म्हणाल्या. "दोन्हीकडे कष्ट सुनेलाच. जगाची रीतच आहे."

"घरच्या जिन्याला कठडा आहे ना?" फिजिओबाईंनी विचारलं.

"आहे की. लोखंडी. हत्ती बांधला तरी हलायचा नाही."

झालं. एवढाच प्रश्न विचारला आणि एवढंच उत्तर मिळालं. पुढचा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नाही. माझ्याही नाही, आणि जिना तर मी होतो.

उजव्या हाताने माझा उजवा कठडा धरून त्या चार पायऱ्या चढायच्या, चौथऱ्यावर दम घ्यायच्या, तिथेच मागे वळायच्या आणि त्याच चार पायऱ्या उतरायच्या. उतरतानाही उजव्या हाताला कठडा असायचाच, सुताराच्या कृपेने. पहिल्या दिवशी एक फेरी, महिनाभरात पंधरा. फिजिओबाईंनी कमरेचा पट्टा सोडला. डावा हात मात्र अजून नुसता लोंबत होता. बोटं मिटत नव्हती. पण जिन्याला त्याची गरजच काय, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

मुदत संपायला बारा दिवस होते तेव्हा त्या मुलाला घेऊन घरी गेल्या. मी इथेच होतो, मला चालता येत नाही. दुसऱ्या दिवशी नणंदेने येऊन जे सांगितलं ते असं.

सतरा पायऱ्या त्या राणीसारख्या चढल्या. मुलगा मागे, नणंद त्याच्या मागे. वर जाऊन कुलूप काढलं, आत गेल्या, मशीनच्या चाकावरून हात फिरवला, अर्धवट राहिलेला शाळेचा गणवेश उचलून झटकला. मुलगा गालात हसत होता. मग उतरायला आल्या. वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या, उजवा हात लांब केला. हाताला भिंत लागली. कोरी भिंत. त्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, आणि चढताना जो उजव्या हाताला असतो तो उतरताना डाव्या हाताला येतो.

"बराच वेळ उभ्या होत्या," नणंद म्हणाली. "भिंत चाचपत होत्या. मला वाटलं पाय भरून आलाय. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, वन्सं, चाळीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही हो."

शेवटी मुलाने आणि शेजाऱ्याने त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. ज्या बाईने चाळीस वर्षं तो जिना झाडला तिला सामानासारखं उतरवलं. घरी गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, प्रयत्न केलास. पुरे आता."

हे सांगत असताना टेलरबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. जीभ शाबूत असून गप्प. त्याचीच मला भीती वाटली.

फिजिओबाईंनी सगळं ऐकलं. मग त्या माझ्याजवळ आल्या. चढल्या, चौथऱ्यावर गेल्या. जागच्या जागी मागे वळल्या आणि डावा हात अंगाशी घट्ट धरून उभ्या राहिल्या. एका पेशंटसारख्या. उजवा हात पुढे केला, तर तिथे माझा दुसरा कठडा. सुताराने मायेने लावलेला.

"हा खोटा आहे," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांना खोट्या जिन्यावर शिकवत आलेय."

मला काय वाटलं ते कसं सांगू? मी तर आयुष्यभर समजत होतो की मी दोन्ही हातांनी आधार देतो. त्या आधारानेच एका बाईला वर नेऊन अडकवलं होतं. वरच्या मजल्यावरच्या मिस्त्रीकडून त्यांनी पाना मागवला आणि स्वतः गुडघ्यावर बसून माझा तो कठडा सोडवला. बोल्ट गंजलेले, करकरले. मला दुखलं असं म्हणणार नाही. लाज वाटत होती, ती थोडी उतरली.

"वहिनींच्या पायऱ्या केवढ्या उंच आहेत?" त्यांनी विचारलं.

नणंद दुसऱ्या खेपेला टेलरबाईंचीच मापाची टेप घेऊन तिथे जाऊन आली, येताना तो अर्धवट गणवेशही उचलून आणला. सात इंच. फिजिओबाईंनी माझ्या पहिल्या पायरीवर इंचभर जाडीची फळी ठोकली. निदान एक पायरी तरी खरी.

"आता ऐका," त्या टेलरबाईंना म्हणाल्या. "नेहमीसारखं चढायचं. आणि उतरताना वळायचंच नाही. तोंड जिन्याकडे, कठडा त्याच उजव्या हातात, आणि उलटं उतरायचं."

"पाठमोरी? खाली न बघता?"

"हो."

"आणि आधी कोण जाणार? जावई?"

"जावई."

"पोरी, डोळ्यांसमोर असताना तो धड वागत नाही. पाठीमागे काय करेल?"

नणंद म्हणाली, "त्यात काय एवढं? तीस वर्षं मला पाठ दाखवत आलात. आता जगाला दाखवा."

"वन्सं, तुम्हाला दाखवायला डोळे लागत नव्हते."

पण त्या उठल्या. आता रोज यायचं ठरलं. पहिल्या दिवशी डावा पाय मागे गेला आणि हवेतच राहिला. खाली काय आहे ते त्याला कळेना. बोटं कडेला अडकली, गुडघा मोडला, फिजिओबाईंनी पट्टा धरला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी टेलरबाईंनी मला अशा शिव्या दिल्या की इथे सांगता येणार नाहीत. चौथ्या दिवशी आल्याच नाहीत. मुलाने फोनवर सांगितलं, आई झोपून आहे, जेवली नाही. मुदत संपायला पाच दिवस होते.

पाचव्या दिवशी दार उघडलं. नणंद पुढे, टेलरबाई मागे.

"मी काही केलं नाही," नणंद म्हणाली. "मी फक्त त्यांच्यासमोर बसून गणवेशाची ती अर्धी शिवण पुरी करायला घेतली."

"अहो, शेवटाला टाका मागे घेतलाच नाही वन्संनी!" टेलरबाई भडकून म्हणाल्या. "सरळ शिवत गेल्या आणि दोरा तोडला. एका धुण्यात उसवेल ते. शिवण संपली की चार टाके उलटे घ्यायचे असतात, तेव्हा ती पक्की होते. हे चार दिवसांच्या शिकाऊ पोरीला कळतं." आणि मग माझ्याकडे वळून, एकदम हळू आवाजात, "चला. घेऊ उलटे टाके."

चढल्या. वर थांबल्या. उजवा हात कठड्यावर, पकड अशी की माझं लाकूड दबलं. उजवा गुडघा वाकू लागला, सगळं अंग त्या एका पायावर आलं. आणि डावा पाय मागे, खाली, अंधारात उतरू लागला. त्यांना तो दिसत नव्हता. नणंदेला दिसत होता, फिजिओबाईंना दिसत होता, पण दोघी गप्प होत्या. सांगितलं असतं तर घरी कोण सांगणार होतं?

तो अंगठा माझ्या कडेला लागला. थांबला. आणि मग, खरं सांगतो, तो माझ्यावरून फिरला. थोडा डावीकडे, थोडा आत. जन्मभर त्या बाईने बोटांनी कापड ओळखलं होतं. डोळे मिटून सांगायची म्हणे, हे सुती, यात मिसळ आहे. आता ती पायाच्या बोटाने लाकूड ओळखत होती. कड कळली, रबर कळलं. मग चवडा टेकला, मग टाच, आणि सावकाश, वाटीतून तेल ओतावं तसं, तिचं सगळं वजन त्या पायावर आलं. ज्या पायात पाच महिन्यांपूर्वी मुंगीसुद्धा कळत नव्हती त्या पायावर.

मी तसूभर हललो नाही. तेवढंच माझ्या हातात होतं.

"पोचला का ग?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा," फिजिओबाई म्हणाल्या.

"पोचला." आणि थोड्या वेळाने, "शहाणा आहे माझा जावई."

त्या दिवशी अकरा फेऱ्या झाल्या. पुढच्या तीन दिवसांत किती झाल्या ते मोजायचं मी सोडून दिलं. मग मुदतीचा दिवस आला आणि गेला. मला कुणी काही सांगितलं नाही. दवाखान्याला त्यानंतर रविवारची सुट्टी होती. आरशात मी मला दिसत होतो, एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला नुसती भोकं. सुट्टी इतकी लांब कधी वाटली नव्हती.

सोमवारी सकाळी दारावर काठी वाजली. टेलरबाई आत आल्या. त्यांच्या मागे दार लागलं. मी वाट बघितली, आता नणंद येईल, आता मुलगा येईल. कुणीच आलं नाही. फिजिओबाईही दाराकडे बघत होत्या. आणि मग आम्हा दोघांच्या एकाच वेळी लक्षात आलं. त्या एकट्या आल्या होत्या.

"मुलाकडून आलात?" फिजिओबाईंनी विचारलं.

"माझ्या घरून आले." टेलरबाई पलंगावर टेकल्या. "परवा तो तळाशी उभा होता. सतरा पायऱ्या त्याच्याकडे पाठ करून उतरले. त्याच्या तोंडाकडे बघितलं असतं तर पडले असते. खाली आले, वळले, हात पुढे केला. म्हटलं, किल्ली."

"आणि वन्सं?"

"त्यांना घरी बसवलंय. उसवतायत ती शिवण."

आता माझं सांगतो आणि आटपतो. पुढे मला घडवणारा सुतार इथे आला, खुब्याचं हाड मोडून, पेशंट म्हणून. आल्या आल्या ओरडला, "माझा कठडा कुणी काढला?" फिजिओबाईंनी त्याला सगळं सांगितलं. तो माझ्या पायरीवर बसून बराच वेळ त्या भोकांत बोट घालत राहिला. चालायला लागल्यावर हत्यारांची पिशवी घेऊन आला आणि दोन्ही कठड्यांचे बोल्ट काढून पान्याशिवाय, हाताने सोडवता येतील असे स्क्रू बसवले. आता माझा कठडा कधी डावीकडे असतो, कधी उजवीकडे, कधी दोन्हीकडे, आणि ज्याच्या घरी नसेलच त्याच्यासाठी कुठेच नसतो. फिजिओबाई प्रत्येकाला आधी विचारतात, "तुमच्या घरचा कठडा उतरताना कोणत्या हाताला येतो?" शंभरातल्या नव्वदांना सांगता येत नाही. माणसं आपल्या बायकोचा तीळ कुठे आहे ते सांगतील, जिन्याचा कठडा नाही.

रबर झिजलंय माझं. चौथी पायरी करकरते. पण लाकूड अजून पक्कं आहे.

तुमच्याकडे एकच मागणं. आज घरी गेलात की जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहा, खाली तोंड करा आणि बघा कठडा कोणत्या हाताला येतोय. मग उतरा. उतरताना फोन खिशात ठेवा आणि एकदा तरी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघा, काय काय करतो तो तुम्हाला न विचारता.

चला, सरका आता. ट्रकवाल्याचा गुडघाही धरलाय म्हणे, तो दारात उभा आहे. पायरी मोकळी करा.